पणजीचं माहेर शोधताना: फोन, एक्सेल आणि सातबारा वापरून घराण्याचा इतिहास कसा जमवायचा

आमच्या घरात वंशावळ होती. आजोबांनी हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर काढलेली, सात पिढ्यांची. रामचंद्र, त्याचा गोविंद, त्याचा पुन्हा रामचंद्र, त्याचे तीन मुलगे. पानभर पुरुष आणि एकही बाई नाही. ही सगळी मुलं झाली कुणाला, हा प्रश्न त्या पानाला पडलेलाच नव्हता.

मी कामाला लागले ती पणजीपासून. तिचं सासरचं नाव भागीरथी, एवढंच ठाऊक होतं. माहेरचं नाव, गाव, आडनाव यातलं काहीच नाही. त्या एका बाईचा माग काढताना जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. फोन, एक स्प्रेडशीट, इंटरनेट आणि चिकाटी पुरते. चिकाटी जरा जास्तच लागते.

आधी माणसं, मग कागद

पहिलं काम कॉम्प्युटरवरचं नाही. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला फोन करा, शक्यतो याच आठवड्यात. तहसील कचेरीतला कागद पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

भेटायला गेलात तर फोनमधला साधा रेकॉर्डर सुरू करा. आधी विचारून, आणि फोन त्यांच्या समोरच ठेवून. पंखा बंद करा; आमची पहिली तासाभराची मुलाखत म्हणजे पंख्याचं आत्मचरित्र झालं आहे. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि कोण बोलतंय हे स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी फाइल उघडली तरी अडणार नाही.

“तुमचा जन्म कधीचा?” असं विचारू नका. आपल्याकडे निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा जन्म एक जूनचा असतो, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि मास्तर नाव घालताना वय जुळवून तारीख टाकायचे. त्यापेक्षा घटनेला धरून विचारा. पानशेत फुटलं तेव्हा (१२ जुलै १९६१) तुम्ही कुठे होतात? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (११ डिसेंबर १९६७) लग्न झालेलं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात घरात कोण कोण होतं? किल्लारीच्या वेळी (३० सप्टेंबर १९९३) आजी होती का? त्याआधीच्या पिढीबद्दल ऐकीव गोष्टी येतात त्यासुद्धा अशाच: “प्लेगात गेले”, “मानमोडीत गेली”. प्लेग म्हणजे १८९६ पासून पुढची काही वर्षं, मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ १९१८ ची. अशी एकेक खूण वर्षाच्या आसपास नेऊन सोडते.

दुसरा हमखास प्रश्न श्राद्धाचा. घरात कुणाचं श्राद्ध कोणत्या तिथीला होतं? मृत्यूचं वर्ष विसरलेली माणसं तिथी मात्र विसरत नाहीत. अविधवा नवमीला जिचं श्राद्ध होतं ती नवऱ्याच्या आधी गेली, हे एका वाक्यात कळतं. माझ्या पणजीचं तसं होत नव्हतं. म्हणजे पणजोबा आधी गेले. हे मी कुठल्या कागदावर वाचलं नाही, काकूच्या स्वयंपाकाच्या वेळापत्रकावरून कळलं.

तिसरा प्रश्न मामांचा. “तुमच्या वडिलांचे मामा कुठले?” माहेरचं नाव विचारलं तर लोक गप्प होतात, पण मामाच्या गावाबद्दल भरभरून बोलतात. आत्याआजी म्हणाली, “बाबांचे दाजीमामा यायचे ना, नदीपलीकडचे. येताना शेंगा आणायचे.” हे वाक्य पुढे फार कामाला आलं.

एक शीट, एक क्रमांक आणि ‘कशावरून’

आता स्प्रेडशीट. एक्सेल घ्या नाहीतर गूगल शीट्स. मी गूगल शीट्स वापरते, कारण नाशिकची बहीण आणि मी एकाच वेळी भरू शकतो. एका ओळीत एकच माणूस. प्रत्येकाला क्रमांक द्या, आणि तो पुन्हा कधीही बदलायचा नाही.

क्रमांक का? कारण आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. माझ्या पहिल्या तक्त्यात दोन रामचंद्र एकात मिसळले आणि ते गृहस्थ एकशे चार वर्षं जगून, दोन बायका करून, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी बाप झाले. चूक सर्वस्वी माझी. आता पहिला रामचंद्र ००४ आहे आणि दुसरा ०११. वडील, आई, जोडीदार या रकान्यांत नावं न लिहिता क्रमांकच लिहायचे.

रकाने माझे असे आहेत: क्रमांक, जन्मनाव, हाकेचं नाव, लग्नानंतरचं नाव, वडील, आई, जोडीदार, जन्म (कागदावर आहे तसा), जन्म (इसवी सनात), गाव, मृत्यू, श्राद्धाची तिथी, आणि शेवटी ‘कशावरून’. दत्तक गेलेल्यांसाठी जन्माचे वडील आणि दत्तक वडील असे दोन वेगळे रकाने ठेवा. नाहीतर आडनाव बदललेला माणूस तुम्हाला आकाशातून पडल्यासारखा वाटेल.

‘कशावरून’ हा रकाना रिकामा ठेवायचा नाही. “आत्याआजी, फोनवर, ३ मार्च”, “फेरफार क्रमांक अमुक”, “फोटोच्या मागे पेन्सिलीने” असं काहीही चालेल. “घरात सगळे म्हणतात” हेसुद्धा चालेल, पण तसं लिहा. दोन ठिकाणी दोन वेगळी वर्षं मिळाली तर एक खोडू नका. दोन्ही ठेवा आणि दोन्हीचा उगम लिहा.

एक्सेल वापरणाऱ्यांना एक सावधगिरी. एक्सेल १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही. १८९० सालचा जन्म टाकला तर तो नुसता मजकूर म्हणून पडून राहतो, आणि वयाचा हिशेब काढायला गेलात की गोंधळ होतो. मी सरळ सगळे तारखांचे रकाने ‘प्लेन टेक्स्ट’ केले आहेत आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहिते. म्हणजे क्रम लावला तरी बरोबर लागतो.

देवनागरीत भरत असाल तर आणखी एक खोच आहे. ‘कऱ्हाड’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, कॉम्प्युटरला मात्र हे दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच. शोध लागत नसेल तर नाव आहे ते कॉपी करून शोधखिडकीत चिकटवून पाहा.

तक्ता दोनशे ओळींच्या पुढे गेला की झाड दाखवणारं सॉफ्टवेअर घ्यावंसं वाटतं. ‘ग्रॅम्प्स’ हे मोफत आहे आणि माहिती तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. काहीही निवडा, फक्त त्यातून ‘जेडकॉम’ फाइल बाहेर काढता येते ना ते आधी बघा. वंशावळीची माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची ती सर्वमान्य भाषा आहे. आणि आपल्याकडे आते-मामे भावंडांची लग्नं होतात हे ध्यानात ठेवा. आमच्याकडे एक बाई एकाच माणसाची मामेबहीण आणि बायको आहे. एका फोन अ‍ॅपने तिला दोनदा जन्माला घातलं.

शक, फसली आणि तिथी

जुन्या कागदावर इसवी सन क्वचितच असतो. शकात चैत्र ते कार्तिक असेल तर ७८ मिळवा, माघ-फाल्गुन असेल तर ७९. मार्गशीर्षाचा शेवट आणि पौष अधलेमधले, तिथे पंचांगच बघावं लागतं. शक १८२९ चा श्रावण म्हणजे १९०७, पण शक १८२९ चा माघ म्हणजे १९०८. मराठवाड्यातल्या कागदांवर फसली, म्हणजे महसुली, सन येतो. त्यात ढोबळमानाने ५९० मिळवायचे. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८.

तिथी आणि वर्ष दोन्ही असतील तर ऑनलाइन पंचांगावरून नेमकी तारीख निघते. तिथे एक सेटिंग हमखास चुकतं: आपण अमांत (अमावास्येला संपणारे) महिने मानतो, उत्तरेत पौर्णिमांत (पौर्णिमेला संपणारे). आपला भाद्रपद वद्य पक्ष तिकडे आश्विनात मोजतात. सेटिंग ‘अमांत’ करा. कागदावर वारही दिला असेल तर तो जुळतो का ते बघा. वार जुळला की तारीख पक्की.

सातबाऱ्याची उलटी वाट

आता मूळ घबाड. ज्यांच्या घरात कधीकाळी जमीन होती त्यांच्यासाठी महसुली कागदांसारखा दुसरा स्रोत नाही.

आजचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो. जिल्हा, तालुका, गाव, मग गट नंबर किंवा नाव. नावाने शोधताना आडनावाची पहिली दोन अक्षरंच टाका. कारकुनाने ऱ्हस्व-दीर्घ कसं लिहिलं असेल याचा नेम नसतो. सातबाऱ्यावर मालकांची नावं दिसतील आणि त्यांच्याजवळ फेरफार क्रमांक. कंसात टाकलेली नावं म्हणजे ज्यांचा हक्क आता उरलेला नाही अशी माणसं, अनेकदा मयत. तीच आपल्याला हवी असतात.

फेरफार म्हणजे गाव नमुना ६. जमिनीच्या हक्कात कधी, कसा, का बदल झाला याची नोंद. प्रत्येक क्रमांक लिहून घ्या आणि तो फेरफार शोधा. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार आणि जुने सातबारे स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. खातं उघडायचं, थोडं शुल्क भरायचं, पान उतरवून घ्यायचं. तुमचा तालुका तिथे नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करावा लागतो. जुन्या फेरफारात आणखी मागचा क्रमांक असतो, त्यात आणखी मागचा. विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं खाली खाली जायचं.

वाटेत एक अडथळा येतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. म्हणजे आजचा गट नंबर घेऊन १९४० सालच्या कागदात शोधलंत तर भलत्याचीच जमीन सापडेल. जुना सर्व्हे नंबर कोणता ते एकत्रीकरणाच्या जबाबावरून जुळवून घ्या. कुळकायद्याचाही परिणाम दिसतो: १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवसापासून कुळं कसत्या जमिनीची मालक मानली गेली. त्यानंतरच्या काही वर्षांत ‘३२ ग’ या कलमाचा उल्लेख असलेले फेरफार भराभर येतात. एखादं आडनाव तिथे एकदम उगवलं किंवा नाहीसं झालं तर कारण बहुधा तेच.

या कागदांवरच्या लघुरूपांत माणसं लपलेली असतात. ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. नाव एकाचंच असलं तरी मागे भाऊ आहेत, ते शोधा. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल लहान असताना बाप गेला की तिथे आई येते, आणि ज्या बाईचं नाव दुसऱ्या कुठल्याही कागदावर नाही ती इथे भेटते. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको.

माझी पणजी मला पहिल्यांदा भेटली ती अशीच. १९३४ चा फेरफार, शाई फिकी झालेली, दोन मुलांच्या नावांपुढे ‘अ.पा.क. आई भागीरथी कोम गोविंद’. काकूच्या वेळापत्रकाने सांगितलं होतं तेच: पणजोबा आधी गेले होते, आणि मुलं लहान होती.

पण माहेर? बाईचं माहेर तिच्या सासरच्या कागदावर नसतं. ते तिच्या बापाच्या वारस नोंदीत असतं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीही वारस झाल्या, आणि त्यानंतरच्या वारस फेरफारांत लेकींची नावं सासरच्या गावासकट येऊ लागली: “खातेदार मयत. वारस: मुलगा अमुक, मुलगी तमुक रा. मौजे फलाणे. वर्दीवरून नोंद केली.” दोन ओळींत अख्खं कुटुंब. म्हणून बाई शोधायची तर तिच्या भावाला शोधा. मला दाजीमामा हवे होते, नदीपलीकडचे.

नकाशाचा उपयोग

त्या काळच्या सोयरिकी बैलगाडीच्या एका दिवसात जाता येईल एवढ्या अंतरात होत. गूगल अर्थवर आमच्या गावाभोवती पंचवीस किलोमीटरचं वर्तुळ काढलं, नदीच्या अलीकडची गावं सोडून दिली. उरली चौदा. घरात आधी झालेल्या लग्नांची ठिकाणं ‘माय मॅप्स’वर टाचण्या लावून टाकली, तर बहुतेक सोयरिकी त्यातल्या चारच गावांशी. त्या चार गावांच्या सातबाऱ्यांत नावाने शोध घेतला आणि दुसऱ्याच गावात दाजीमामांचे नातू सापडले.

गाव धरणाखाली गेलं असेल तर आजच्या नकाशावर फक्त निळं पाणी दिसतं. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टान्येडा ग्रंथालयाने १९५० च्या दशकातले भारताचे अमेरिकन लष्करी नकाशे मोफत ठेवले आहेत. त्यांत उजनीच्या आधीची भीमा आणि तिच्या काठची गावं जागच्या जागी दिसतात. पळसदेवचं देऊळ पाणी उतरल्यावर डोकं वर काढतं, त्याच्या भोवतीचं गाव मात्र या नकाशांतच उरलंय.

जिल्हा कोणता धरायचा हेही तपासा. १९८१ पूर्वीचा सिंधुदुर्गातला माणूस ‘जिल्हा रत्नागिरी’ म्हणूनच नोंदलेला असतो, रायगडचा ‘कुलाबा’ म्हणून, आणि पालघरचा २०१४ पर्यंत ठाण्यात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे तिथले जुने कागद उर्दूत भेटतात. तिथल्या लोकांनी १९५४ चं खासरा पाहणी पत्रक (शेतवार पाहणीची नोंद) आधी काढावं, तो तिथला भक्कम पाया आहे.

आडनावावरून गाव काढणं दिसतं तितकं सोपं नाही. पिंपळगाव, नांदगाव, वडगाव अशी गावं तालुक्यागणिक आहेत. कुलदैवतावरून मूळ गाव काढतानाही जपून. मंगेशाचं मूळ देऊळ कुठ्ठाळीला होतं. १५६० मध्ये देव प्रियोळला हलवला. आज मंगेशीला जाऊन “हेच आमचं मूळ गाव” म्हणणारे बरेच भेटतात.

जमीन नसेल तर

सातबाऱ्याचं एवढं कौतुक करताना हेही सांगायला हवं की गावातल्या निम्म्या घरांकडे सातबारा कधी नव्हताच. त्यांच्यासाठी पहिला दरवाजा शाळेचा. शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजेच दाखल-खारीज. गावची प्राथमिक शाळा जुनी असेल तर विनंती अर्ज देऊन उतारा मागता येतो. तारखेवर फार विसंबू नका (एक जून!), पण वडिलांचं नाव, गाव आणि कुठल्या इयत्तेत शाळा सोडली हे खरं असतं.

दुसरा दरवाजा गाव नमुना १४, बोलीत ‘कोतवाल बुक’. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या आधी गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद यात व्हायची. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात जिल्ह्याजिल्ह्यांत असे जुने कागद धुंडाळून स्कॅन केले गेले आणि बरेचसे जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर चढवले. तुमचा त्या विषयाशी संबंध असो वा नसो, तुमच्या गावाची पानं तिथे आहेत का ते पाहून घ्या.

तिसरा दरवाजा लष्कराचा, आणि हा फार थोड्यांना ठाऊक आहे. घरातलं कुणी दुसऱ्या महायुद्धात कामी आलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतं. साताऱ्या-रत्नागिरीच्या कितीतरी शिपायांच्या नोंदींत वडिलांचं नाव, बायकोचं नाव आणि गाव दिलेलं आहे, कधी आईचंही. नाव इंग्रजी स्पेलिंगने शोधावं लागतं आणि ते मनमानी असतं. ‘मराठा’ रेजिमेंटच्या स्पेलिंगमध्येसुद्धा मधे एक ‘एच’ आणि दोन ‘टी’ आहेत. आडनाव जमलं नाही तर रेजिमेंट आणि गाव धरून शोधा.

गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यांना चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची पुस्तकं आहेत, आणि त्यांतली बरीच ‘फॅमिलीसर्च’ या मोफत संकेतस्थळावर पाहता येतात. मॉरिशसला गेलेल्या मराठी गिरमिटियांची (करारावर नेलेल्या मजुरांची) कागदपत्रं तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत.

तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्याही विसरू नका. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया. गावाचं नाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये बरोबर वही काढतात, त्यात आलेल्या पूर्वजांच्या सह्यासुद्धा असतात. हरिद्वारसह काही ठिकाणच्या अशा वह्या फॅमिलीसर्चने चित्रबद्ध केल्या आहेत, पण नाशिकसाठी गाडीत बसणंच बरं. पानाचा फोटो काढायची परवानगी मागा, आणि दक्षिणा द्या.

इंटरनेटवर शोधायची रीत

नाव नुसतं टाकलं तर जगभरचे देशमुख येतात. नाव अवतरण चिन्हांत टाका, जोडीला गावाचं नाव. मग क्रम उलटा करून पाहा: आधी आडनाव, मग नाव. आणि जुन्या पुस्तकांत शोधत असाल तर जुनं शुद्धलेखन वापरा. १९६२ च्या नियमांच्या आधी ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार सर्रास होते. ‘गाव’ टाकून रिकामे हात आले तिथे ‘गांव’ने मला तीन पानं दिली.

आर्काइव्ह डॉट ऑर्गवर स्कॅन केलेले कुलवृत्तांत (घराण्यांचे छापील इतिहास), जुनी मासिकं आणि मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर ढीगभर आहेत. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा. त्यात तुमच्या पणजोबांचं नाव मिळणार नाही, पण गावचा बाजार कुठल्या वारी भरायचा ते मिळेल. कुलवृत्तांत हाती लागला तर आनंद करा, पण विश्वास बेताने ठेवा. मूळ पुरुषाबद्दलची पहिली दहा पानं बहुधा भक्तीने लिहिलेली असतात.

नावात बदल केलेल्यांसाठी महाराष्ट्र शासनाचं राजपत्र बघा. आडनाव बदलल्याच्या जाहिराती त्यात छापून येतात, जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी.

छापील मराठी पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून ‘गूगल डॉक्स’मध्ये उघडला तर त्यातला मजकूर आपोआप टाइप होऊन येतो. चुका असतात, पण शोधायला पुरतो. हस्ताक्षराला हे जमत नाही. मोडीला तर मुळीच नाही. हल्ली लोक मोडी कागदाचा फोटो चॅटबॉटला देतात आणि तो अगदी ठामपणे, सुबक मराठीत, कागदावर नसलेलाच मजकूर वाचून दाखवतो. माझ्या एका फेरफारातून त्याने पेशव्यांचा सरदार काढला होता. मोडीसाठी जाणकार माणूस गाठा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांच्या वर्गांतून शिकलेले बरेच जण पानामागे ठरावीक पैसे घेऊन लिप्यंतर करून देतात. त्यांना मूळ कागदाचा स्वच्छ फोटो द्या, सावली न पडलेला.

फोटो आणि साठवण

जुने फोटो स्कॅन करायचे तर कागदपत्रांना ३०० डीपीआय पुरे, छोट्या फोटोंना ६००. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, फोन बरोबर वर धरून काढा. फोटोची मागची बाजू विसरू नका. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीतली नावं तिथेच असतात. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग काय आहे ते, मग माणसाचे क्रमांक. ‘आयएमजी ४५७३’ अशा नावाच्या चारशे फाइली म्हणजे काहीच नाही.

नातेवाइकांकडून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की तो आकसून येतो आणि मागच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे पुसटतात.

सगळं तीन ठिकाणी ठेवा: कॉम्प्युटरवर, क्लाउडवर, आणि एका पेन ड्राइव्हवर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव सार्वजनिक झाडावर टाकू नका. बँका अजून तेच प्रश्न विचारतात.

आणि वर्षातून एकदा तक्ता छापून, मोठ्या अक्षरांत, म्हाताऱ्या मंडळींच्या हातात द्या. स्क्रीनवर ते मान डोलावतात, कागदावर मात्र लाल पेन घेऊन बसतात.

दाजीमामांच्या गावचा १९५८ चा वारस फेरफार मिळाला. चार वारस. तिसऱ्या ओळीत “मुलगी भागीरथी कोम गोविंद”, पुढे आमच्या गावाचं नाव. माहेरचं गाव कळलं, आडनाव कळलं, बापाचं नाव कळलं. मात्र तिथेही तिचं नाव सासरचंच. छापील तक्ता घेऊन आत्याआजीकडे गेले, तिने चष्मा चढवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हिला माहेरी चिंगी म्हणायचे. खरं नाव काय होतं देव जाणे.” ०१४ क्रमांकाच्या ओळीत हाकेच्या नावाचा रकाना भरला. जन्मनावाचा अजून रिकामा आहे. त्या गावच्या शाळेत मुलींचं जुनं रजिस्टर आहे असं कळलंय. हेडमास्तरांना अर्ज दिला आहे, दिवाळीच्या सुट्टीनंतर या म्हणालेत.